आमचे काउन्सेलरच पुन्हा प्यायले. वॉर्डात काय सांगायचं?

ओंजळ | ९ जून, रात्री ११:४२

बरेच दिवस नुसती वाचक होते, आज लिहितेय. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका निवासी व्यसनमुक्ती केंद्रात मी नऊ वर्षं काउन्सेलर आहे. आमच्याकडे एक सीनियर आहेत, त्यांना आपण अण्णा म्हणू. पूर्वी आमचेच पेशंट. ११ वर्षं सोबर. रात्रपाळी बहुतेक त्यांचीच. नवीन आलेल्या माणसाच्या बोटांकडे बघून सांगायचे, "याला आज फिट येणार, सिस्टरना उठवा." मागच्या पावसाळ्यात एक एसटी कंडक्टर आला होता. विड्रॉलच्या, म्हणजे दारू बंद केल्यावर शरीराला होणाऱ्या त्रासाच्या, तिसऱ्या रात्री तो कॉटवर उभा राहून पूर्ण वॉर्डाची तिकिटं फाडायला लागला. "पुढे सरका, पुढे सरका, मागं जागा आहे." मी घाबरून दाराशी उभी. अण्णा शांतपणे त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, "एक स्वारगेट द्या." तिकीट घेतलं, 'सुटे नाहीत' यावर दोन मिनिटं हुज्जत घातली, आणि बोलता बोलता त्याला खाली बसवलं. तोवर सिस्टर इंजेक्शन घेऊन आल्या.

दोन आठवड्यांपूर्वी एक पेशंट मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, अण्णांच्या तोंडाला बडीशेपेचा वास येतोय." ग्रुपमध्ये हे अण्णांनीच त्यांना शिकवलेलं. जो बडीशेप चघळत येतो, त्याच्याजवळ आधी जाऊन बसा.

खरं निघालं. त्याच संध्याकाळी व्यवस्थापनाने त्यांना घरी पाठवलं. आणि वॉर्डात सांगितलं, "अण्णांची आई आजारी आहे, ते गावी गेलेत."

इथे माझी झोप उडाली आहे. दर गुरुवारी पेशंटच्या बायकांचा ग्रुप असतो. त्यात मीच सांगते, की "साहेब, यांना ताप आलाय" असा फोन त्यांच्या ऑफिसात करू नका, तुमच्या खोट्यावर त्याची दारू पोसली जाते. आणि आता आम्ही ४० माणसांना तेच सांगतोय. यांना ताप आलाय.

ज्यांनी या क्षेत्रात काम केलंय किंवा घरात हे भोगलंय, त्यांनी सांगा. वॉर्डात काय बोलायचं? अण्णांना परत घ्यायचं का? आणि आम्ही बाकीचा स्टाफ एकमेकांच्या डोळ्यांत बघत नाही आहोत, त्याचं काय करायचं?

---

खडीसाखर | १० जून, सकाळी ७:१५

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. जो स्वतः पितो तो दुसऱ्याची काय सोडवणार? माझ्या धाकट्या भावाला आम्ही तीनदा ठेवलं, वेगवेगळ्या ठिकाणी. प्रत्येक ठिकाणी असेच 'पूर्वीचे पेशंट' काउन्सेलर. आई दागिने मोडून पैसे भरणार आणि समोर बसणार कोण, तर कालचा बेवडा. डॉक्टर आणि शिकलेली माणसं ठेवा. अण्णांना परत घेण्याचा प्रश्न येतोच कुठे?

---

आजचा_दिवस | १० जून, दुपारी १:०३

खडीसाखर, मी त्यातलाच. कालचा बेवडा. आज १४ वर्षं, ३ महिने. एका केंद्रात वॉर्ड सांभाळतो.

तुमचा प्रश्न नवा नाही. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस (एए), म्हणजे दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना सांभाळणारा गट, ज्या दोघांनी सुरू केलं त्यातला एक शेअर दलाल बिल, दुसरा सर्जन डॉ. बॉब. बिल धंद्याच्या कामाने ओहायोतल्या अॅक्रन गावी गेला होता. काम फिसकटलं, हॉटेलच्या बारमधून हसण्या-बोलण्याचा आवाज येतोय, आणि त्याला कळलं की आत्ता एखाद्या बेवड्याशी बोललो नाही तर मी पिणार. फोनाफोनी करून त्याने डॉ. बॉबना गाठलं. लक्षात घ्या, तो डॉक्टरांची सोडवायला गेला नव्हता. स्वतःची वाचवायला गेला होता. आणि पुढची गोष्ट लोक सांगत नाहीत. काही आठवड्यांत डॉ. बॉब अटलांटिक सिटीला डॉक्टरांच्या अधिवेशनाला गेले आणि तिथे पुन्हा प्यायले. बिल त्यांना सोडून गेला नाही. डॉक्टरांचा शेवटचा घोट १० जून १९३५ चा, आणि एए आपला वाढदिवस तोच मानते. (आजच १० जून आहे, हे लिहिताना लक्षात आलं.)

म्हणजे स्लिप झालेल्या माणसाला हाकलायचं ठरलं असतं तर हे प्रकरण पहिल्याच महिन्यात संपलं असतं.

तरीही ओंजळताई, लगेच परत वॉर्डात घ्या असं मी म्हणणार नाही. माणूस आपला आणि नोकरी वेगळी. दोन्हीची गल्लत झाली की दोन्ही बुडतात. मला अण्णांबद्दल एवढंच विचारायचंय, ते स्वतःच्या एए मीटिंगला जात होते का? आमच्या धंद्यातला खड्डा हाच. दिवसाला तीन ग्रुप घेतो, मग वाटायला लागतं की माझीही मीटिंग झाली. झालेली नसते. तिथे मी सर असतो, बोलतो ते शिकवायला. 'काल रात्री मला पण प्यावीशी वाटली' हे सर कसं म्हणणार? पंगतीत वाढपी उपाशी, तसं आहे हे.

---

सुतारपक्षी | १० जून, रात्री १०:२०

मनोविकारतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या गावी. दोन गोष्टी तातडीच्या, म्हणून आधी त्या.

अण्णा आत्ता घरी आहेत आणि बहुधा एकटेच 'सोडायचा' प्रयत्न करत असतील. हे घरच्या घरी करू देऊ नका. रोज पिणाऱ्याने अचानक बंद केली की फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत जास्त. तुम्ही कंडक्टरचं वर्णन केलंत तो डेलिरियम, म्हणजे भ्रमाची अवस्था, साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी येतो आणि त्यात माणूस दगावू शकतो. ज्याने पूर्वी विड्रॉल भोगलेत त्याचा पुढचा विड्रॉल अधिक वाईट असू शकतो, मध्ये ११ वर्षं गेली तरी गाफील राहू नये. आणि जवळच्या दवाखान्यात नेलंत तर सांगा, ग्लुकोजची बाटली लावायच्या आधी थायमिन द्या. हे ब जीवनसत्त्वातलं साधं, स्वस्त इंजेक्शन आहे. ते न देता ग्लुकोज चढवल्याने मेंदूला कायमची इजा झालेले पेशंट मी पाहिलेत.

दुसरं. घरच्यांपैकी कुणी वर्तमानपत्रातली 'पेशंटच्या नकळत दारू सोडवा' वाली पुडी भाजीत कालवत असेल तर आजच थांबवा. त्यात बऱ्याचदा डायसल्फिरम असतं. माणसाला माहीत नसताना तो वर दारू प्यायला की चेहरा लालबुंद, छातीत धडधड, रक्तदाब खाली. हृदयाचं दुखणं असेल तर खेळ संपू शकतो. हे औषध वाईट नाही, मी स्वतः लिहून देतो. पण पेशंटला समजावून आणि त्याच्या संमतीने.

खडीसाखर, मधुमेहाच्या पेशंटची साखर दिवाळीत वाढली तर आपण 'तो मुळात खोटारडा' म्हणत नाही, औषध बदलतो. व्यसन हा पुन्हा उलटणारा आजार आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेल्या अवस्था मानसिक आजारातच धरतो. तुमच्या भावाची तीन वेळची उलट ही तीन नापास वर्षं नव्हेत.

अर्थात शिकलेली माणसं हवीतच, हे तुमचं बरोबर. नुसत्या अनुभवावर वॉर्ड चालवू नये. नुसत्या पदवीवरही नाही.

---

उंबरठा | ११ जून, दुपारी ३:३०

मी स्टाफ नाही. मी बायको. लग्नाला २१ वर्षं, त्यातली १५ दारूची.

'ताप आलाय' वाला फोन मी किती वेळा केलाय याची गणती नाही. एकदा तर त्यांच्या साहेबांना मी चुलत सासऱ्यांच्या निधनाचं सांगितलं. नंतर ते सासरे आमच्याकडे गणपतीला आले आणि साहेबही दर्शनाला आले. आता हसू येतं, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी होते.

गुरुवारच्या ग्रुपसारख्याच एका ग्रुपमध्ये मी सुटले. नवरा नंतर सुटला, आधी मी. तिथे एक वाक्य पाठ करून घेतलं होतं: ही मी लावली नाही, मी ती आवरू शकत नाही, मी ती बरी करू शकत नाही. सहा महिने ते वाक्य मला खोटं वाटायचं. मग एका रात्री त्यांनी दार वाजवलं आणि मी नेहमीसारखी उलटीची बादली घेऊन धावले नाही. दार उघडलं, आत घेतलं, आणि जाऊन झोपले. सकाळी त्यांनीच फरशी पुसली. एवढंच झालं. पण आमच्या घरात पहिल्यांदाच ती फरशी दुसऱ्या कुणीतरी पुसली होती.

ओंजळ, तुमच्या वॉर्डातल्या माणसांना कळलेलं आहे. आम्हाला जिन्यावरच्या पावलांवरून कळायचं, किती झालीय ते. त्यांना बडीशेपेवरून कळणार नाही? तुम्ही खोटं सांगताय हे त्यांना माहीत आहे आणि तरी ते गप्प आहेत. हुबेहूब आमचं घर.

आणि एक विचारू? तुम्ही वॉर्डाचं लिहिलंत, स्टाफचं लिहिलंत. अण्णांच्या घरी कुणी गेलं का?

---

ओंजळ | ११ जून, रात्री ११:५८

नाही. कुणीच गेलं नाही.

उंबरठाताई, तुमचा प्रतिसाद वाचून फोन बाजूला ठेवला आणि तासभर नुसती बसून राहिले. वहिनींचे दोन मिस्ड कॉल माझ्या फोनवर आहेत. मी उचलले नाहीत. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं.

आजचा_दिवस, मीटिंगचं विचारलंत. अण्णा दोन वर्षांपासून जात नव्हते. रात्रपाळी असायची, माणूस कमी, कोण जाणार. ती रात्रपाळी आम्हीच त्यांना द्यायचो. केंद्राच्या हॉलमध्ये त्यांचा फोटो आहे, हार घातलेला, खाली '११ वर्षे'. दरवर्षी वाढदिवसाला आकडा बदलून नवीन प्रिंट लावायचो. नवीन पेशंटच्या आईवडिलांना आधी त्या फोटोपाशी नेतो. "बघा, हे आमचे अण्णा." वडील लोक तिथे रडतात आणि मग फॉर्म भरतात. आमच्या केंद्राचं भांडवलच ते. आता वाटतं, त्या फोटोतल्या माणसाला 'मला जड जातंय' म्हणायची सोय आम्ही ठेवली नव्हती.

आणि माझंही सांगते, आता सुरुवात केलीच आहे तर. जानेवारीत आमचा एक मुलगा डिस्चार्जनंतर तीन आठवड्यांनी गेला. ब्राऊन शुगरवाला, २३ वर्षांचा. बातमी आली तेव्हा जेवणाची सुट्टी होती. मी डबा उघडला, शेपूची भाजी होती, पूर्ण डबा खाल्ला, धुतला आणि दोनचा ग्रुप घेतला. त्या दिवशी मला काहीच वाटलं नाही. ते आठवलं की आता भीती वाटते.

---

रारिटन_काठ | १२ जून, पहाटे ५:१०

न्यू जर्सीहून. मी नर्स आहे, इथल्या एका रिकव्हरी सेंटरमध्ये.

त्या मुलाबद्दल वाईट वाटलं. दुर्दैवाने हे ठरलेलं चित्र आहे. काही आठवडे बंद असलं की शरीराची सवय मोडते आणि माणूस जुन्याच मापाने घेतो. ते माप आता जीवघेणं असतं. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी आम्ही नातेवाइकांच्या हातात नॅलॉक्सोनचा, म्हणजे ओव्हरडोस उलटवणाऱ्या औषधाचा, नाकात मारायचा स्प्रे देतो. २०२३ पासून तो इथे चिठ्ठीशिवाय दुकानात मिळतो. माझ्या पर्समध्ये कायम एक असतो, लिपस्टिकच्या शेजारी. भारतात इतकं सोपं नाही हे माहीत आहे. पण निदान 'आता जुना डोस घेतलास तर मरशील' हे पेशंटला आणि घरच्यांना स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. 'असं बोललं तर त्याला आठवण होईल' म्हणून बरेच जण टाळतात. त्याला आठवण करून द्यावी लागत नाही.

स्टाफचं म्हणाल तर आमच्याकडे दर आठवड्याला तासभर केंद्राबाहेरची एक बाई येते, फक्त आमचं ऐकायला. बॉस त्या खोलीत नसतो. सुरुवातीला मला तो वेळेचा अपव्यय वाटायचा. खर्च परवडत नसेल तर दोन केंद्रांनी एकमेकांचा स्टाफ बसवावा.

(अवांतर: इथल्या मराठी घरांतही कमी नाही. शनिवारच्या पार्टीत चौथा ग्लास भरणारा 'फक्त सोशल' असतो आणि त्याची बायको गाडीची किल्ली हातात धरून बसलेली असते. विषय काढला की सगळे पावभाजीकडे वळतात.)

---

वैनगंगा | १२ जून, सकाळी ९:४०

ही सगळी वरवरची मलमपट्टी. मूळ बंद करा. आमच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, बायकांनी लढून आणली. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ ला आणली आणि २०२१ ला उठवली. राज्य महसूल मोजणार आणि तुम्ही वॉर्डात माणसं मोजणार.

---

खडीसाखर | १२ जून, सकाळी ९:५५

बंदी असतानाही चंद्रपुरात मिळत होतीच ना? फक्त दाम दुप्पट.

---

सुतारपक्षी | १२ जून, सकाळी १०:३०

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे आणि हा वाद ३०० प्रतिसादांचा आहे. वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला. इथे नको.

---

खडीसाखर | १३ जून, रात्री ९:०५

मान्य.

डॉक्टर, तुमचा 'नापास वर्षं' वाला मुद्दा आईला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, पण भावाला फोन लावला. चार महिन्यांनी.

चौथ्यांदा ठेवायचं झालं तर केंद्र कसं पारखायचं? मागच्या एका ठिकाणी त्याला पहिल्या रात्री पायात साखळी घातली होती. आम्हाला नंतर कळलं.

---

आजचा_दिवस | १३ जून, रात्री १०:४८

साखळी घालणं गुन्हाच आहे. सुतारपक्षी म्हणाले त्याच कायद्याने कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला बंदी आहे. असं दिसलं तर तिथल्या तिथे माणूस बाहेर काढा आणि तक्रार करा.

पारखायचं म्हणजे, नोंदणीचा कागद मागा. रात्री डॉक्टर नसतील तर नर्स कोण आहे ते विचारा, आणि ते रात्री जाऊनच विचारा. 'घरच्यांनी महिनाभर तोंड दाखवायचं नाही' म्हणणारे असतील तर परत फिरा. चांगल्या ठिकाणी तुम्हालाही बोलावतात, तुमच्याकडूनही काम करून घेतात. '१०० टक्के खात्री' असा बोर्ड असेल तर आत जाऊच नका. काहीच सुचत नसेल तर १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा नंबर आहे, फोन फुकट लागतो.

आणि जुने पेशंट स्टाफमध्ये आहेत म्हणून नाक मुरडू नका, फक्त त्यांच्यावर देखरेख कोण करतं ते विचारा. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू झालं. ते सुरू करणाऱ्या सुनंदा अवचट स्वतः मनोविकारतज्ज्ञ, आणि तरी त्यांनी बरे झालेल्या मित्रांना कामात घेतलं. डॉक्टर आणि आम्ही, दोघंही एका छपराखाली. बायकांसाठी 'सहचरी' गटही तिथलाच. हे जमतं, पण आपोआप जमत नाही.

---

ओंजळ | १९ जून, रात्री १०:१५

धागा वर काढतेय.

मी आणि आमच्या सिस्टर, दोघी अण्णांच्या घरी गेलो. वहिनींनी दार उघडलं आणि पहिलं वाक्य, "त्यांना बरं नाहीये, झोपलेत." मग माझ्याकडे बघून स्वतःच थांबल्या. आतल्या खोलीत अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते, हात थरथरत होते. सुतारपक्षींनी लिहिलं होतं ते सगळं सिस्टरांनी बघितलं आणि त्याच दुपारी दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात नेलं. आमच्याकडे मुद्दामच नाही ठेवलं. ज्या वॉर्डात तुम्ही सर होता तिथे पेशंट होऊन राहायचं, हे आत्ता नको. थायमिनचं मी दोनदा सांगितलं. तिथल्या डॉक्टरांनी "कळतं हो आम्हाला" म्हणून बघितलं. असू दे.

गाडीत अण्णा एकदाच बोलले. "कुणी सांगितलं?" मी नाव नाही घेतलं. म्हणाले, "ज्याने सांगितलं त्याला सांभाळा, त्याला वाटत असेल आपण चुगली केली." त्या अवस्थेत.

व्यवस्थापनाशी भांडण झालं. त्यांचं म्हणणं, बाहेर गेलं तर ॲडमिशन बंद होतील. मी म्हटलं, आत तर सगळ्यांना माहीत आहे. शेवटी ठरलं की आधी अण्णांना विचारायचं. वहिनींच्या फोनवरून विचारलं. ते म्हणाले, सांगा, नाव घेऊन सांगा.

मंगळवारी सकाळच्या ग्रुपमध्ये सांगितलं. लिहून नेलं होतं, वाचता आलं नाही. "अण्णांची आई आजारी नाही. अण्णा पुन्हा प्यायले, उपचार घेत आहेत, आणि आम्ही तुमच्याशी खोटं बोललो." एक जण तडक उठून बाहेर गेला. दुसरा म्हणाला, "११ वर्षांनी पण होतं तर मग आम्ही कशाला मरतोय इथं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी तसं सांगितलं. बडीशेपवाला पोरगा खाली मान घालून बसला होता. ग्रुप संपल्यावर त्याला अण्णांचा निरोप दिला. तो बराच वेळ रडला.

स्टाफसाठी रारिटन_काठ म्हणाली तसं शेजारच्या तालुक्यातल्या केंद्राशी बोलणं चाललंय. महिन्यातून एकदा तरी. परत घेण्याचं सहा महिने काही ठरवायचं नाही, आणि घेतलं तरी वॉर्डात नाही, आणि मीटिंगच्या दिवशी ड्यूटी नाही, इथपर्यंत आलोय. पगाराचं मध्ये काय, हे कुणी बोलत नाही. ते मी बोलणार आहे.

वहिनी काल गुरुवारच्या ग्रुपला आल्या. इतकी वर्षं त्या त्या ग्रुपला चहा करून द्यायच्या. काल पहिल्यांदा खुर्चीवर बसल्या.

एक राहिलंय. हॉलमधला तो फोटो. व्यवस्थापन म्हणतं काढा. पेशंट म्हणतात राहू द्या. माझा निर्णय होत नाहीये.

---

आजचा_दिवस | १९ जून, रात्री ११:०२

फोटो राहू द्या. हार आणि आकडा काढा.

---

ओंजळ | १९ जून, रात्री ११:०९

आकडा फोटोवरच छापलाय. फ्रेम उघडून खालची पट्टी कापावी लागेल. उद्या सकाळी फ्रेमवाल्याकडे घेऊन जाते.